शाळेची परसबाग : वेठ की स्वेच्छा?

परसबागेत दोन तास काम करावयास या, असा निरोप शाळेतून आला की आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘मुलांना आम्ही लेखणी धरावयास पाठविले, कुदळ धरावयास नव्हे!’ असे ते म्हणतात. त्यांना हसू नका. महार वतनाच्या नावाखाली आपल्या आजोबांना रात्री-अपरात्री गावकामाला हाकारीत, आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय नसे. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. ते जोखड कायद्याने उतरावयास १९५८ साल उजाडावे लागले. फुकट श्रमाचे नाव निघताच आपल्या माणसाला वेठ आठवते, ती उगीच नव्हे.

परंतु वेठ म्हणजे काय? जी नाकारता येत नाही, जी ठरावीक जातीच्याच माथी मारली जाते आणि जिचे फळ दुसऱ्याच्या ताटात पडते, ती वेठ. घटनेच्या तेविसाव्या कलमाने तिला बंदी आहे. सुरगाण्याच्या डोंगरातील शाळेमागे जो वाफा करावयाचा, त्याला ही कसोटी लावा. तेथील मेथी, भोपळा, शेवगा आपल्याच लेकरांच्या ताटात पडणार असेल आणि काम सर्वांच्या पाळीने होणार असेल, तर घरी बसण्यात कसला आला स्वाभिमान?

शालेय पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी मिळावयास हवी, आठवीपर्यंतच्या मुलाला ७५. चाळीस लहान मुलांच्या शाळेला रोज दोन किलो झाली. एवढी भाजी एका परसबागेतून बारमाही निघेल, असे कोणी सांगू लागला तर त्याला सुरगाण्याचा उन्हाळा दाखवा! पावसाळ्यात जेथे डोंगर धो-धो वाहतात, तेथेच उन्हाळ्यात आयाबहिणी हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. भाजी धुतलेले पाणी शेवग्याला घालता येईल. अनुदानाची भर त्याने होणार नाही. केंद्र सरकारने २०१९ साली शालेय पोषण बागांच्या सूचना काढल्या. मुलाच्या हक्काच्या भाजीवर वाढीव भाजी म्हणूनच ही बाग आपणांस मान्य आहे.

आणि पाणी आणावयाचे कोणी? मुलींनी घागरी वाहाव्यात आणि मुलांनी वाफ्यावर नावाच्या पाट्या रोवाव्यात, हा न्याय नव्हे. कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या किंवा आपल्या मुलांना ‘शेती तुमच्या रक्तातच आहे’ असे गोड बोलून गणिताच्या तासाला खुरपणीस धाडणे, ही तर जुनीच वर्णव्यवस्था, हातात नवे खुरपे घेतलेली! श्रमाला जो मान आहे म्हणता, तो गुरुजींच्या व सरपंचांच्या मुलांनाही मिळू द्या. मातीत हात घालणारे मूल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडविले जात असेल, तर त्या बागेला आपला हात लागता कामा नये.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. तिच्या येत्या बैठकीला नवराबायको दोघेही जा. कामाच्या पाळीची वही मागा. कोणी खणले, कोणी पाणी घातले, किती भाजी निघाली आणि ती कोणत्या दिवशी शिजली, हे तीत नसेल तर तेथेच लिहून घ्या, आणि मग कुदळ उचला.