लोहाचा तक्ता एक, पण ताट कोणाचे?

माणसाला कोणते जीवनसत्त्व, कोणते खनिज रोज किती लागते, याचे आकडे देशोदेशी वेगळे आहेत. ते एका पद्धतीने ठरवावेत, असा आग्रह पोषणतज्ज्ञ धरत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१८ साली त्यावर अहवाल काढला. २०२० साली मुख्यतः अमेरिका-कॅनडा आणि युरोपच्या आकड्यांवर बेतलेला सामाईक तक्ताही मांडला गेला. धाराशिव जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याने याची दखल का घ्यावी? कारण रेशनच्या तांदळात काय मिसळायचे आणि शाळेतल्या पोराला काय वाढायचे, याचे हिशेब याच आकड्यांवर होतात.

लोहाचेच घ्या. प्रौढ बाईला रोज १८ मिलिग्रॅम लोह लागते, असे अमेरिका सांगते. आपल्या आयसीएमआरने २०१० साली २१ सांगितले, २०२० साली २९. मग आपल्या बायकांचे शरीर वेगळे आहे का? नाही. फरक मुख्यतः ताटाचा आहे. अमेरिकेने जेवणातले १८ टक्के लोह अंगी लागते असे धरले, आपल्याकडे ८ टक्के. ज्वारी, गहू, डाळी यांतले फायटेट लोह धरून ठेवते. मांसातले लोह लवकर अंगी लागते, आणि सोबतच्या भाकरीतलेही जास्त लागू होते.

पद्धत एक करायला आमचा विरोध नाही. पण ८ टक्के हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, तो ताटावरून आला आहे. आणि ताटात काय असावे, हे या देशात कोण ठरवते हे आम्हाला ठाऊक आहे. देशातली बहुसंख्य माणसे अंडी-मांस-मासे खातात, हे सरकारच्याच एनएफएचएस पाहणीत आहे. तरीही महाराष्ट्रात २०१५ साली बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी आली आणि गरिबाला परवडणारे मोठ्याचे मटण ताटातून गेले. (म्हैस कायद्यात बसते म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री जनावरांचा टेम्पो हायवेवरून नेऊन दाखवावा.) शाळेच्या आहारात २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे आले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून पैसे उभे करा म्हणून सांगितले. ज्या गावात पालक सहा महिने फडावर असतात, तिथे हा लोकसहभाग कोण देणार?

ताटातून काढून घ्यायचे आणि वरून भुकटी टाकायची, असा हा व्यवहार आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून पोषणयुक्त तांदळाची घोषणा झाली. त्या तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते. माणशी ५ किलो धान्य पूर्ण तांदूळच मिळाले, तरी रोजचे पाच ते सात मिलिग्रॅम होते. आणि आपला जिल्हा ज्वारी खाणारा.

यात आणखी एक गोष्ट दडपली जाते. आयसीएमआरच्या तक्त्यात ५५ किलो वजनाच्या बाईला बैठ्या कामासाठी १६६० किलोकॅलरी धरल्या आहेत, अतिकष्टाच्या कामासाठी २७२०. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून कारखान्यावर निघालेली, पहाटेपासून ऊस तोडून डोक्यावर मोळ्या वाहणारी बाई यातल्या कोणत्या रकान्यात बसते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण 'कोयता' म्हणून नवरा-बायकोची एकत्र उचल ठरते, तेव्हा तिचे स्वतंत्र कष्टही मोजले जात नाहीत, मग तिचे जेवण कोण मोजणार? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा कामगार बाईच्या शरीराची जबाबदारी त्यांनी मालक आणि सरकारवर टाकली होती. मुकादम, कारखाना आणि शासन यांना आज तोच प्रश्न विचारायचा आहे.

तरुण मित्रांनो, शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के पालक असतात. पुढच्या बैठकीत अंड्याचा ठराव मांडा, निधी शासनानेच द्यावा असे त्यात लिहा आणि प्रत जिल्हा परिषदेला पाठवून पोच घ्या. ग्रामसभेत दुसरा ठराव ठेवा: रेशनवर ज्वारी आणि तूरडाळ. ऊसतोड कुटुंबांना रेशन फडाजवळच्या दुकानात मिळते की नाही, याची यादी या हंगामातच करा.

जय भीम.