धक्का जवळ आला, तरी बसूनच राहा!

गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने कधी एलिफंटाला गेला आहात का? तासाभराच्या प्रवासात लाँच लाटा कापत बऱ्यापैकी सरळ जाते. पण धक्का जवळ येऊन इंजिन मंदावलं, की ती डावी-उजवीकडे डोलू लागते. आणि नेमके तेव्हाच आपण सगळे उठून पिशव्या आवरायला लागतो!

मग होडीचा तोलही सायकलसारखा वेगावरच टिकतो का? नाही. थांबलेली सायकल आडवी होते, थांबलेली होडी होत नाही. होडी एका बाजूला कलली, की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो. तिथलं पाणी तिला जास्त जोराने वर ढकलतं आणि ती पुन्हा सरळ होते. हा तोल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: होडी किती रुंद आहे आणि तिच्यातलं वजन किती खाली आहे.

वेगामुळे मिळतो तो ताबा. सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच सुकाणू काम करतं. चालत्या होडीचं तोंड चालक लाटांकडे वळवू शकतो. शिवाय तळाखालून वाहणारं पाणी डोलणंही थोडं आवरतं. होडी थांबली, की वारा आणि लाटा तिला हवं तसं फिरवतात. लाट कुशीवर आदळली, की हेलकावे वाढतात, कारण होडी लांबीला मोठी आणि रुंदीला कमी असते.

म्हणून जास्त वेग म्हणजे जास्त सुरक्षितता, असंही समजू नका. वेगात अचानक वळली तर होडी कलते. मागून येणारी मोठी लाट तिला आडवी फिरवू शकते. आणि माणसं जास्त भरली असतील, तर कोणताही वेग तो धोका भरून काढत नाही.

आपल्या हातात काय आहे? उभं राहिलं, की आपलं वजन वर जातं आणि तोल कमी होतो. म्हणून होडी दोराने बांधेपर्यंत बसून राहा. फोटोसाठी सगळे एका बाजूला धावू नका. लाइफ जॅकेट उशाला किंवा मांडीवर नको, सुरुवातीपासून अंगात घालून पट्टे आवळलेलं हवं. मुलांचं आधी तपासा.

काशीचा घाट असो, चिल्का सरोवर असो की अलप्पुळाचे कालवे, पाण्याचा नियम सगळीकडे सारखाच!