सिनेमाचे तिकीट आणि कामगाराचा रविवार

मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी मिळाली ती १८९० साली. नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी १८८४ पासून झगडत होते. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हे मालकांचे औदार्य नव्हे; तो लढून मिळवलेला हक्क आहे. मात्र त्या दिवशी कामगाराने कोठे जावे, काय पाहावे, कोणाशेजारी बसावे, हा प्रश्न कामगार चळवळीने पुढे फारसा विचारला नाही. तो बाजारावर सोपवला गेला. बाजाराने त्याचे कोणते उत्तर दिले, हे आज चित्रपटगृहाच्या तिकीट-खिडकीवर वाचावयास मिळते.

'सिनेमाला जाणे आता परवडते का?' हा प्रश्न मध्यमवर्गीय घरांतही विचारला जाऊ लागला आहे. आकडे पाहावेत. देशातील सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स कंपनीने स्वतः जाहीर केल्याप्रमाणे २०२३-२४ मध्ये तिकिटाची सरासरी किंमत सुमारे २६० रुपये होती आणि प्रत्येक प्रेक्षक खाण्यापिण्यावर सरासरी सुमारे १३० रुपये खर्च करीत होता. नवरा, बायको आणि दोन मुले अशा कुटुंबाला एका खेळासाठी १,५६० रुपये पडले. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. म्हणजे तीन तासांच्या करमणुकीची किंमत जवळजवळ सहा दिवसांचे श्रम एवढी झाली. रविवारचा खेळ पाहण्यासाठी सोमवार ते शनिवार खडी फोडावी, असा हा हिशेब आहे. खाण्याला पूर्ण फाटा दिला, तरी नुसत्या तिकिटांत चार दिवसांची मजुरी जाते.

यावर असे म्हटले जाईल की, रोजगार हमीवरचा मजूर मुळात मल्टिप्लेक्समध्ये जातच नाही, मग ही तुलना कशासाठी? तुलनेचे कारण नेमके तेच आहे. जो दारापर्यंत आलाच नाही, त्याला सरासरीत धरले जात नाही. त्याची अनुपस्थिती ताळेबंदात कोठेही तोटा म्हणून दिसत नाही. एकेकाळी मात्र सिनेमाचा सारा डोलारा याच माणसाच्या खिशावर उभा होता.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती प्रथम दाखवण्यात आल्या, तेव्हा प्रवेशासाठी एक रुपया मोजावा लागे. साहेब आणि श्रीमंत यांच्यासाठीच तो खेळ होता. परंतु काही आठवड्यांतच नॉव्हेल्टी नाटकगृहात चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंतचे दर लावले गेले आणि चार आणेवाला प्रेक्षक आत आला. पुढील पाऊणशे वर्षे त्यानेच हा धंदा जगवला. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात पाळी संपवून आलेला गिरणी कामगार मराठी चित्रपट पाहत असे. सातारा-सांगलीकडच्या जत्रांत तंबूतला सिनेमा लागे, आणि बैलगाडीने आलेली कुटुंबे जमिनीवर मांडी घालून तो पाहत. या चित्रपटगृहांत समता नांदत होती, असे कोणी म्हणणार नाही. पिट वेगळा, बाल्कनी वेगळी, दारेही वेगळी. पण पडदा एकच होता. बाल्कनीतल्या वकिलाला आणि पिटातल्या हमालाला एकाच वेळी हसू येई, एकाच वेळी डोळे पुसावे लागत. ज्या समाजात पाणवठे वेगळे होते, त्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती.

हा पिट गेला कोठे? तो आपोआप नाहीसा झाला, असे समजणे ही फसगत आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या आणि गिरणगावाचा प्रेक्षक विखुरला, हे एक कारण. घरोघरी आलेला दूरचित्रवाणी संच, हे दुसरे. पण तिसरे कारण सरकारी धोरणात आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ केला आणि पुढील दोन वर्षे केवळ एक-चतुर्थांश आकारला. प्रेक्षक घटत आहेत, नवी चित्रपटगृहे निघत नाहीत आणि अशा संकुलांना भांडवल मोठे लागते, अशी त्यामागची भूमिका होती. २०१७ मध्ये पुण्यातील एका मल्टिप्लेक्सच्या आयकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही या सवलतीचा हेतू नव्या संकुलांच्या उभारणीस साहाय्य करणे हाच होता, असे मानले. थोडक्यात, जो पैसा एरवी सरकारी तिजोरीत गेला असता, त्याचा या काचेच्या इमारती उभ्या राहण्यास हातभार लागला. तालुक्याच्या गावातील जुन्या एकपडदा चित्रपटगृहाला, ज्याचे छत गळत होते आणि खुर्च्या मोडल्या होत्या, ही सवलत नव्हती. समाजाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या जागेत समाजातील मोठ्या भागाला प्रवेश परवडू नये, ही यातील खरी विसंगती आहे.

करांचा पुढील इतिहासही असाच बोलका आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यावरील तिकिटावर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१९ पासून हे दर अनुक्रमे १२ आणि १८ टक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर केवळ ५ टक्के कर आहे. शंभर रुपयांचे तिकीट हे सामान्य माणसाचे तिकीट, हे तत्त्व सरकारने मान्य केले, ते स्वागतार्हच आहे. पण मोठ्या शहरातील मल्टिप्लेक्समध्ये रविवारी संध्याकाळी ते तिकीट शोधून सापडत नाही. जी वस्तू दुकानात ठेवलेलीच नाही, तिच्यावरील कर कमी केल्याने ग्राहकाच्या पदरात काय पडणार?

'लोकांना आता सिनेमा नकोच आहे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे,' असे मालक सांगतात. त्यांच्याच एका प्रयोगाने हे म्हणणे खोडून काढले आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी देशभरातील मल्टिप्लेक्सनी एका दिवसापुरते तिकीट ७५ रुपयांना दिले. मल्टिप्लेक्स चालकांच्या संघटनेनेच जाहीर केले की, त्या एका दिवशी सुमारे ६५ लाख प्रेक्षक आले. तो शुक्रवार होता, सणाची सुट्टीही नव्हती. पडदा तोच, चित्रपट तेच. बदलली होती ती केवळ किंमत. प्रेक्षक सिनेमाला विटलेला नाही. त्याला दाराबाहेर ठेवण्यात आले आहे.

मालकांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. वीज, जागेचे भाडे आणि यंत्रसामग्री महाग आहे, आणि तिकिटातील मोठा वाटा वितरकाकडे जातो, हे खरे आहे. किमतीवर आंधळी मर्यादा घातली की काय होते, हे आंध्र प्रदेशात दिसले. २०२१ मध्ये तेथील सरकारने दर इतके खाली आणले की, अनेक चित्रपटगृहांना टाळे लागले आणि मार्च २०२२ मध्ये दर वाढवून द्यावे लागले. कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली, तिला उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. खाद्यपदार्थांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये निर्णय दिला की, बाहेरचे पदार्थ आणू न देण्याचा मालकाला अधिकार आहे. पिण्याचे पाणी मात्र मोफत दिले पाहिजे. म्हणजे एका फटकाऱ्यात प्रश्न सुटेल, अशी स्थिती नाही. परंतु या अनुभवांवरून सरकारने हात झटकावेत, असाही निष्कर्ष निघत नाही. तामिळनाडूत तिकिटाचे कमाल दर सरकार ठरवते आणि तेथील सिनेमा उद्योग बुडालेला नाही. केरळने १९७५ मध्ये राज्य चित्रपट विकास महामंडळ स्थापन केले आणि ते आजही स्वतःची चित्रपटगृहे चालवते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ज्या राज्यात सिनेमा दाखवला जातो आणि जेथे १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला, त्या महाराष्ट्राला हे जमू नये, असे काही नाही.

येथे काही कार्यकर्ते विचारतील: रेशन, शिक्षण, दवाखाना हे प्रश्न पेटलेले असताना सिनेमाच्या तिकिटाची चिंता कशाला? ही चैन नव्हे काय? या प्रश्नामागची तळमळ प्रामाणिक आहे. परंतु त्यात एक जुना गैरसमज दडलेला आहे. कष्टकऱ्याला भाकरी हवी आणि कलेची भूक केवळ पोट भरलेल्यांना असते, असा तो गैरसमज होय. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी तो कधीच खोटा ठरवला होता. निळू फुले त्याच मुशीतून आले, आणि 'सामना'मधून सहकार सम्राटांचे दर्शन मराठी माणसाला घडले, ते शंभर व्याख्यानांनी घडले नसते. १९७६ च्या 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. आपल्या लढ्याचा चित्रपट त्यांनी स्वतः उभा केला आणि गावेच्या गावे तो पाहावयास गेली. २०१६ मध्ये 'सैराट' आला, तेव्हा गाण्यांवर नाचणारी तरुण पोरे शेवटी मुकाट्याने बाहेर पडत. जातीच्या नावाने होणाऱ्या हत्येविषयी त्यानंतर घरांत, पारावर आणि महाविद्यालयांत जे बोलले गेले, त्याला एकत्र बसून पाहण्याची पार्श्वभूमी होती. तोच चित्रपट मोबाइलवर एकट्याने पाहता येतो, नको ते दृश्य पुढे ढकलता येते. चित्रपटगृहात ते ढकलता येत नाही. शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर ते सोसावे लागते. त्या सोसण्याला सार्वजनिक जीवनात मोल आहे.

म्हणून सिनेमाला जाणे खर्चाच्या मोलाचे आहे काय, या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. जाणे मोलाचे आहे. आजचा खर्च मात्र न्याय्य नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हटल्या पाहिजेत. पहिलीच म्हटली तर ती मल्टिप्लेक्सची जाहिरात होईल. केवळ दुसरी म्हटली तर कष्टकऱ्याला घरी मोबाइल घेऊन बसण्याचा सल्ला दिल्यासारखे होईल.

चळवळीने यातून काही मागण्या पुढे आणल्या पाहिजेत. प्रत्येक मल्टिप्लेक्समध्ये प्रत्येक खेळाच्या ठराविक जागा, सुट्टीच्या दिवशीही, शंभर रुपयांच्या आत असाव्यात. पिट परत आणण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि सरसकट मर्यादेचे धोके त्यात कमी आहेत. यापुढे चित्रपटगृहांना कोणतीही सवलत द्यावयाची असेल, तर ती या अटीवरच द्यावी. तालुक्याच्या गावी बंद पडलेली एकपडदा चित्रपटगृहे नगरपालिकांनी अथवा सहकारी संस्थांनी चालवावयास घ्यावीत आणि राज्याने त्यांना भांडवल पुरवावे. देशात आज सुमारे दहा हजार पडदे आहेत. चीनमध्ये ऐंशी हजारांहून अधिक आहेत. भारतात प्रेक्षकांची वाण नाही. वाण आहे ती परवडणाऱ्या जागांची.

आणि काही गोष्टी मागणीची वाट न पाहता करता येण्याजोग्या आहेत. मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ पासून काम करीत आहे. तशी मंडळे कामगार वस्त्यांत, युनियनच्या कार्यालयांत, गावच्या वाचनालयांत उभी राहू शकतात. रीतसर परवानगी घेऊन महिन्यातील एका रविवारी चित्रपट दाखवणे आणि त्यावर तासभर चर्चा घेणे, यासाठी मोठा निधी लागत नाही. लागतो तो या कामाला दुय्यम न मानणारा कार्यकर्ता.

लोखंड्यांच्या पिढीने कामगाराला रविवार मिळवून दिला. त्या रविवारची संध्याकाळ चार भिंतींत एकट्याने जावी की हजार माणसांत, याचा निर्णय तिकिटाच्या दरपत्रकाने करू नये. तो करण्याचा अधिकार कामगाराचा आहे, आणि तो त्याच्या हाती परत येईपर्यंत १८९० ची ती लढाई पुरी झाली, असे म्हणता येणार नाही.