‘पिन काढ’ म्हणायला हवं होतं



जुलै महिना लागला की माझ्या पिशवीत खडू-डस्टरच्या जोडीला एक शिट्टी येते. शालेय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयातून निघायची वेळ झालेली असते. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलं-मुली, आधी जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य. त्यातले बास्केटबॉलचे काही सामने माझ्या वाट्याला येतात. पंच म्हणून हा माझा पंधरावा-सोळावा हंगाम असेल. मानधन किती, असं विचारू नका. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, म्हणून हल्ली घरी येताना हातात चार पैसे उरतात एवढंच.

आमच्या सोनारीत बास्केटबॉलचं मैदान नाही. सोनारी म्हटलं की लोकांना काळभैरवनाथाचं देऊळ आठवतं आणि तिथली माकडं आठवतात. पहाटे फजरनंतर मी शाळेच्या पटांगणावर पळायला जाते, तेव्हा भिंतीवर दहा-बारा माकडं बसलेली असतात. शिट्टी वाजली की सगळी एकदम माझ्याकडे बघतात. शाळेतली पोरंसुद्धा इतकं लक्ष देत नाहीत. सासूबाई मात्र दर वर्षी तेच म्हणतात, “इत्ते सवेरे सीटी कायको बजाती? लोगां क्या बोलेंगे?” मी म्हणते, “अम्मी, लोगां सोये हुए हैं.”

पंचेचाळिशीत गुडघे बोलायला लागतात. मैदान अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद. दोन पंचांपैकी एक चेंडूच्या पुढे धावतो, एक मागे राहतो आणि चेंडूची दिशा बदलली की दोघांच्या जागाही बदलतात. खेळाडूला बदली मिळते, पंचाला नाही. म्हणून हंगामाआधी महिनाभर पळायचं, आरशासमोर खुणा घोटायच्या. मूठ वर गेली तर फाउल, उघडा पंजा वर गेला तर नियमभंग, दोन मुठी एकमेकींभोवती फिरवल्या तर चालीचा दोष. माझी धाकटी लेक शेजारी उभी राहून माझी नक्कल करते आणि पोट धरून हसते.

आपला जिल्हा खरा खो-खोचा. सारिका काळे याच मातीतली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताच्या महिला संघाची कर्णधार होती आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या सामन्याला इथे गाव लोटतं. बास्केटबॉलला दोन्ही शाळांचे शिक्षक आणि चहावाला येतात. पण मला बी.एड.च्या दिवसांत हा खेळ आवडला तो त्याच्या जन्माच्या गोष्टीमुळे. तो एका शिक्षकानं शोधला. जेम्स नेस्मिथ त्याचं नाव. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. बाहेर थंडी, आत वर्गात कंटाळलेली अठरा दांडगी मुलं. त्यानं व्यायामशाळेच्या गॅलरीला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. गॅलरी दहा फुटांवर होती, म्हणून आजही जगभरात रिंग दहा फुटांवरच असते. त्या तेरा नियमांत पंच दोन होते. एकानं माणसांवर नजर ठेवायची, दुसऱ्यानं चेंडूवर. मला ही वाटणी फार आवडते. चेंडूवर नजर ठेवणं सोपं असतं. माणसावर ठेवणं अवघड.

आज जे सांगायचंय ते याच अवघड कामाबद्दल आहे. माझ्या हातून झालेली चूक आहे. दोन वर्षं ती माझ्यापाशी होती, पण ती चूक आहे हे मला कळलं यंदाच्या मे महिन्यात.

दोन वर्षांपूर्वी सतरा वर्षांखालील मुलींचा सामना होता. एका संघात सहाच मुली होत्या, पाच मैदानात आणि एक राखीव. सामन्याआधी पंच खेळाडूंची तपासणी करतात. बांगड्या, कानातलं, गळ्यातलं काढायला लावतात, नखं बघतात. नऊ नंबरच्या मुलीनं डोक्याला स्कार्फ बांधला होता, हनुवटीखाली आणि कानाजवळ पिना लावलेल्या. मी म्हणाले, “बेटा, स्कार्फ चालत नाही. काढ, नाहीतर बसावं लागेल.” तिनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्या सरांकडे. सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, तुम्हीच म्हणताय म्हणजे नियम असेलच.” त्या ‘तुम्हीच’ला किती वजन होतं, ते तेव्हा कळलं नाही. माझं नाव त्यांना माहीत होतं.

ती काही न बोलता बाकावर जाऊन बसली. तिसऱ्या डावात तिच्या संघातल्या एका मुलीचे पाच फाउल झाले, ती बाहेर गेली. उरलेला सामना तो संघ चौघींवर खेळला आणि पाचवी खेळाडू बाकावर स्कार्फ सावरत बसून होती. संघ हरला. मी गुणपत्रिकेवर सही केली आणि बस पकडली.

वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? पण मनाची समजूत घातली की नियम तो नियम. मी स्वतः शाळेत डोक्यावर ओढणी घेते आणि मैदानावर केस घट्ट बांधून उतरते. करड्या रंगाचा शर्ट, काळी पँट, काळे बूट. २००८ साली पंच परीक्षेच्या वर्गात शिकवलं होतं की डोक्यावर काही चालत नाही. तेव्हा तो नियम होताही. मी तो पाठ केला आणि पुन्हा उघडून बघितला नाही.

यंदा मेच्या सुट्टीत मुलांसाठी पंचांच्या खुणांचा तक्ता करायला घेतला, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. त्यासाठी नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. खेळाडूंच्या गणवेशाच्या कलमाशी आले आणि हात थांबला.

नियम बदलला होता, आणि तोही कालपरवा नाही. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघानं, म्हणजे फिबानं, तो २०१७ च्या मे महिन्यात मंजूर केला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. डोकं झाकता येतं. अटी सरळ आहेत. चेहऱ्याचा कुठलाही भाग झाकला जाऊ नये. घालणारीला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होईल असं काही नको. चेहऱ्याजवळ किंवा गळ्याशी उघडझाप करणारं काही, म्हणजे पिन, बटण, हूक नको आणि बाहेर लोंबणारं टोक नको.

म्हणजे त्या दिवशी पिना नियमाबाहेर होत्या. स्कार्फ नव्हता. मी ‘पिन काढ, टोकं आत खोच’ असं म्हणायला हवं होतं. त्याला दोन मिनिटं लागली असती.

हा बदल सहज झाला नाही. २०१४ च्या जुलैत चीनमधल्या वुहानला आशिया चषक होता. तिथे आपल्याच भारतीय संघातल्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या दोन शीख खेळाडूंना पगडी उतरवूनच खेळावं लागलं. त्यानंतर दोन महिन्यांनी इंचॉनच्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींना हिजाब काढायला सांगितलं, तेव्हा त्या खेळल्याच नाहीत, स्पर्धा सोडून परत गेल्या. अमेरिकेत बिल्किस अब्दुल कादिर ही कॉलेजात नाव कमावलेली खेळाडू. व्यावसायिक खेळायची वेळ आली तेव्हा याच नियमानं तिची वाट अडवली. ती वर्षानुवर्षं दाद मागत राहिली. नियम बदलेपर्यंत तिची उमेदीची वर्षं निघून गेली होती. शीख मुलगा, कतारची मुलगी, अमेरिकेची मुलगी, सगळ्यांचं गाऱ्हाणं एक होतं, म्हणून दार उघडलं. आणि ते उघडल्यावर कितीतरी वर्षांनी मी आमच्या जिल्ह्यात ते एका पोरीच्या तोंडावर बंद केलं.

मला चूक कळल्यावर सर्वांत जास्त काय टोचलं ते सांगते. त्याच २०१७ साली पावलांचा नियमही बदलला होता. धावता धावता चेंडू हातात घेतला की त्यानंतरची पावलं कशी मोजायची, त्यात फरक झाला. तो मला बरोबर माहीत होता. का? कारण माझी पहिली शिट्टी वाजताच दोन्ही बाजूंचे कोच ओरडले होते, “मॅडम, नियम बदललाय!” पोरांनी मोबाईलवर मोठमोठे खेळाडू बघितलेले असतात, ती भांडतात. म्हणून मी शिकले. डोक्याच्या नियमासाठी कुणीच ओरडलं नाही. ज्यांच्यासाठी तो बदलला त्या मुली मैदानावर येतच नव्हत्या आणि जी एक आली तिला माझ्याशी भांडायचं माहीत नव्हतं. आपण शिक्षकसुद्धा असेच असतो. ज्याचे पालक येऊन बोलतात, त्याची वही आधी तपासली जाते.

शाळा उघडल्यावर मी तिच्या शाळेत गेले. ती दहावी होऊन दुसऱ्या गावी अकरावीला गेलेली. सरांना सगळं सांगितलं, नियमाचं पान दाखवलं. ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, “मीही बघायला हवं होतं.” त्यांनीच तिच्या वडिलांना विचारून फोन लावून दिला.

मी म्हणाले, “बेटा, त्या दिवशी मी चुकले. तू खेळू शकत होतीस. मला माफ कर.”

थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही पिन काढ म्हणाला असता तर मी लगेच काढली असती. तुम्ही स्कार्फ काढ म्हणालात.”

“घरी काय सांगितलं होतंस?”

“सांगितलं, पोट दुखत होतं. खरं सांगितलं असतं तर अब्बांनी पुन्हा पाठवलं नसतं.”

“आता खेळतेस?”

“नाही मॅडम. सायन्स घेतलंय. आणि इथे मैदान नाही.” मग तीच मला धीर देत म्हणाली, “जाने दो मॅडम, कोई बात नहीं.”

मुलांनी आपल्याला माफ करणं किती सोपं असतं आणि त्यावर आपण किती विसंबून असतो! त्या सामन्याचा निकाल बदलणार नाही. तिची दोन वर्षं परत येणार नाहीत. माझ्या माफीनं मला बरं वाटलं, पण तिला मैदान मिळालं नाही. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, नाहीतर माफी मागून आपणच मोठे झालो असं वाटायला लागतं.

हंगामाआधी आम्हा पंचांची बैठक असते. तिथे मी उभी राहून हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, “घरचं आहे म्हणून बोलते.” एक-दोघांनी नजरा फिरवल्याही. मग आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ पंच म्हणाले, “मलाही माहीत नव्हतं. वाचा ते पान मोठ्यानं.” मी वाचलं. यंदा ते पान गुणलेखकाच्या टेबलावर ठेवायचं ठरलंय.

मी स्वतः यंदा मैदानावर ओढणी घेणार का, असं लेकीनं विचारलं. ते माझं मी बघेन. कुणी डोकं झाकून खेळेल, कुणी झाकणार नाही. पंचाचं काम ते ठरवायचं नाही. नियम जे देतो ते हिरावून घ्यायचं नाही, एवढंच पंचाचं काम.

आता आईवडिलांसाठी थोडं. मुलगी डोकं झाकून खेळणार असेल तर ओढणी किंवा पिनांचा स्कार्फ देऊ नका. होजियरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची, डोक्यातून घालायची, गळ्याशी शिवून बंद केलेली टोपी करून घ्या.  संघात दोन-तीन मुली घालणार असतील तर सगळ्यांचा रंग एकच हवा. हातापायांना घट्ट बाह्या आणि टाइट्सही चालतात, त्यांचाही रंग संघात एकच. माझ्या नणंदेनं शिलाई मशीनवर अर्ध्या तासात एक टोपी शिवली, कापडाचा खर्च फारसा नाही. आणि मैदानावर कुणी ‘चालत नाही’ म्हणालं तर सामन्याआधी, शांतपणे, कोचमार्फत विचारा, “कुठल्या कलमात?” असं विचारणं बेअदबी नाही. मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी पुस्तक उघडलं असतं.

एक गोष्ट मुलींच्या अब्बांना. तुमची लेक मैदानावरून गप्प घरी आली आणि पोट दुखत होतं म्हणाली, तर एकदा तरी पुन्हा विचारा. आणि तिनं खरं सांगितलं तर तिचं खेळणं बंद करू नका. खरं सांगितल्याची ती शिक्षा होईल.

माझा पहिला सामना पुढच्या आठवड्यात आहे. पिशवीत शिट्टी आहे, नियमपुस्तक आहे, आणि नणंदेनं शिवलेल्या टोप्या आहेत, दोन काळ्या, दोन पांढऱ्या. कदाचित कुणाला लागणार नाहीत. पण एखादी पोर पिना लावून आलीच, तर या वेळी काय म्हणायचं ते मला माहीत आहे.