शिक्का आहे, पण कशाचा?

मे उजाडला की बदल्यांचे हुकूम निघतात आणि पाठोपाठ पॅकर्स अँड मूव्हर्सवाल्यांचे फोन सुरू होतात. टेम्पोवर, कोटेशनवर, व्हिजिटिंग कार्डावर एक ओळ हमखास: 'आयबीए मान्यताप्राप्त'. बदली भत्त्याचं बिल मंजूर करणारा साहेबही पुष्कळदा हीच ओळ शोधतो, म्हणून बदलीवाला ती बघूनच फोन फिरवतो.

आयबीए म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन, १९४६ साली मुंबईत स्थापन झालेली बँकांची संघटना. तिनं वाहतूकदारांची यादी ठेवली ती बँकांसाठी. व्यापाऱ्यानं माल रवाना केला आणि वाहतूकदाराची पावती, म्हणजे बिल्टी, घेऊन तो बँकेत आला, तर त्या कागदावर पैसे द्यायला हरकत नाही, एवढाच त्या यादीचा मतलब. तुमच्या काचेच्या कपाटाला बबल रॅपचे किती वेढे पडतात, याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. शिवाय ही ओळ छापून देताना प्रेसवाला थोडीच यादी तपासतो!

आयएसओ ९००१ चंही तेच. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. बाहेरच्या तपासणी संस्था देतात, आणि त्या बघतात कामाची पद्धत. परदेशी घर हलवणाऱ्यांसाठी 'फिडी' या संघटनेचं 'फेम' हे मानांकन आहे. त्यात बाहेरचे ऑडिटर येऊन कंपनीची झडती घेतात, त्यामुळे त्याला वजन आहे. पण नागपूरहून हिंजवडीला येणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

माझी तक्रार वेगळीच आहे. मोठ्या कंपन्यांत मूव्हर निवडतो एचआर, दर ठरवतो खरेदी विभाग, आणि फुटका मिक्सर घेऊन बसतो कर्मचारी. मानांकन द्यायचंच तर एका आकड्यावर द्या: गेल्या वर्षी नुकसानीचे किती दावे आले आणि त्यातले किती, किती दिवसांत चुकते केले. हा आकडा कुठल्याही कोटेशनवर मला आजवर दिसलेला नाही.

तोवर शिक्क्यापेक्षा बिल्टी नीट वाचा. रस्ता वाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की मालाची किंमत आधी लिहून देऊन जादा दर कबूल केला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. भाडं वीस हजार असेल, तर अख्ख्या बिऱ्हाडाची कमाल भरपाई दोन लाख. जास्त हवी तर सामान चढवण्याआधी किंमत बिल्टीवर लिहून घ्यायची आणि जादा जोखमीचा दर मोजायचा. 'इन्शुरन्स केलाय साहेब' या तोंडी आश्वासनावर विसंबू नका, पॉलिसीचा कागद मागा. आणि काही फुटलं, हरवलं, तर कोर्टात जाण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, १८० दिवसांच्या आत. हे दिवस सामान घरी पोचल्यापासून नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून मोजतात.