वणवा विझवणाऱ्याच्या श्वासाचा हिशेब

वन विभागाच्या लेखी 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट हा सारा पानगळीच्या जंगलाचा मुलूख. साग, ऐन, तेंदू पाने टाकतात आणि मार्चपर्यंत जमिनीवर वाळक्या पाल्याचा थर साचतो. मग एखादी न विझवलेली विडीही पुरते. हंगाम संपला की अहवाल तयार होतो. आगीच्या घटना किती, हेक्टर किती जळाले, याचे रकाने त्यात असतात. आग कोणी विझवली, तो धुरात किती तास होता आणि त्याच्या छातीचे पुढे काय झाले, याची नोंद मात्र क्वचितच होते.

ही नोंद का हवी, हे 8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्यात दिसले. जंगलातली आग विझवायला गेलेले तीन हंगामी मजूर होरपळून गेले. जून 2024 मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात वन विभागाच्या कर्मचाऱ्यांचा असाच अंत झाला. अशा दुर्घटनांनंतर मदत जाहीर होते, हळहळ व्यक्त होते आणि पुढच्या उन्हाळ्यात हातात हिरवी फांदी, तोंडाला दुपट्टा अशा अवतारात नवी माणसे आगीसमोर उभी राहतात.

आग शोधण्याचे तंत्र या काळात खूप सुधारले आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या नोंदींवरून आगीचे ठिकाण काढते आणि त्याची सूचना वनरक्षकाच्या मोबाइलवर पोहोचते. पूर्वी साधारण एक किलोमीटरच्या चौकोनापर्यंतच ठिकाण सांगता येई, आता 375 मीटरपर्यंत सांगता येते. पण संदेश आल्यानंतरचे काम जुनेच आहे. चालत जायचे, फांद्यांनी झोडपायचे, काही ठिकाणी ब्लोअरने पाला बाजूला सारायचा. आकाशातल्या डोळ्यावर जेवढा विचार झाला, तेवढा जमिनीवरच्या माणसावर झालेला नाही.

आपल्याकडचा वणवा बहुतांशी जमिनीलगत पसरतो. ज्वाळा कमरेएवढ्या दिसतात, म्हणून तो सोपा वाटतो. इथेच फसगत होते. चढावर आग वेगाने धावते, कारण तिची धग वरचा पाला आधीच सुकवून तापवते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. दुपारी वारा फिरतो आणि विझली असे वाटलेली आग धुमसणाऱ्या ओंडक्यातून पुन्हा उठते. त्यामुळे टेकडीच्या माथ्यावरून आगीला सामोरे जाणे सर्वांत धोक्याचे. जळून गेलेल्या बाजूने, कडेकडेने आग आवळत न्यावी, हे शिकवण्याजोगे ज्ञान आहे. ते अनुभवी वनमजुराला असते. महिन्यापूर्वी रोजंदारीवर आलेल्या पोराला ते कोणीतरी सांगावे लागते.

ज्वाळांपासून वाचलेल्या माणसालाही धूर सोडत नाही. लाकूड-पाल्याच्या धुरातले अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. खोकला आणि दमा बळावतोच, पण हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अशा कणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण दर घनमीटरला 15 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारताचे मानक 60 आहे. आगीच्या तोंडाशी ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. दुपट्टा ओला करून बांधला तर राख अडते, हे कण अडत नाहीत. एन-95 मास्क कण अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्यालाही जुमानत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, भोवळ येते, निर्णय चुकतात. अशा वेळी उपाय एकच, माणसाला धुरातून बाहेर काढणे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये आग विझवण्याच्या व्यवसायाची गणना कर्करोगाला निश्चित कारणीभूत गोष्टींमध्ये केली. जंगलातली आग विझवणारेही त्यात आले. आपल्याकडे मात्र हंगामी मजूर चार महिने धूर पिऊन घरी जातो आणि पाच वर्षांनी त्याला दम लागला, तर त्याचा वणव्याशी संबंध जोडायला एकही कागद नसतो.

यावर हमखास उत्तर मिळते की, आग लावतात ते गावकरीच, त्यांना आधी आवरा. यात तथ्य आहे. मोहफुले वेचताना झाडाखालचा पाला जाळला जातो. तेंदूला चांगला फुटवा यावा म्हणूनही आग लावली जाते. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 नुसार राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे. पण मोहफुलांवर ज्याचे घर चालते, त्याला झाडाखाली पसरायला जाळी दिली, तेंदूची झुडपे वेळेत छाटण्याची मजुरी दिली, तर आग लावण्याचे कारणच संपते. शिवाय लावणारा आणि विझवणारा बहुधा एकाच गावचा असतो. एकाच्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसांनी मोजावी, हा न्याय नव्हे.

हंगामी माणसांवर एवढा खर्च कशाला, असाही सूर निघतो. मागणी फार मोठी नाही. अंगभर जाड सुती कपडे, कारण कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. बूट, एन-95 मास्क, माणशी पुरेसे पाणी आणि क्षारसंजीवनी. 44-45 अंशांच्या उन्हात आगीजवळ राबणारे शरीर तासाला लिटरभर घाम गाळते. प्रत्येक तुकडीत आग आणि वाऱ्यावर नजर ठेवणारा एक जण, एक वायरलेस संच आणि आधीच ठरवलेल्या परतीच्या दोन वाटा. धुरात पाळीपाळीने काम. हंगामाआधी आणि हंगामानंतर फुप्फुसांची क्षमता मोजणारी फुंकर-चाचणी. रोजंदारीवरच्या प्रत्येकाचा विमा.

जाळरेषांची कामे हिवाळ्यातच उरकायची असतात, कारण फेब्रुवारीनंतर उशीर झालेला असतो. माणसांची तयारीही त्याच वेळापत्रकात बसवता येईल. प्रत्येक वनपरिक्षेत्राने येत्या 15 फेब्रुवारीपूर्वी आपल्या हंगामी मजुरांची यादी करावी, तालुक्याच्या रुग्णालयात त्यांची तपासणी करून घ्यावी आणि एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. हंगामाच्या अहवालात हेक्टरांच्या शेजारी आणखी दोन रकाने वाढवावेत: कोण गेले होते आणि ते धुरात किती तास होते. पुढे त्यांच्यापैकी कुणाला दम लागला, तर उपचाराचा हक्क मागण्यासाठी त्याच्या हाती तेवढा पुरावा तरी असेल.