रोग्याला बेड्या ठोकणारे कलम गाडा!

मुंबईच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत अमली पदार्थ कायद्याखालचे दहा हजारांहून अधिक खटले निकाली निघाले. विधि सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने त्यांची कागदपत्रे तपासली. जवळजवळ सगळे खटले निव्वळ सेवनाचे, आणि त्यांतही बहुसंख्य गांजाचे. मोठ्या साठ्यांचे खटले विशेष न्यायालयांत चालतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण किरकोळ विक्रीचे खटले तर इथेच यायला हवेत ना? ते कुठे आहेत? या शहरात पुडी विकणारा कोणीच नाही आणि ओढणारे मात्र हजारो, असे पोलिसांना म्हणायचे आहे काय? पकडले गेलेले बहुतेक पदपथावर किंवा झोपडपट्टीत राहणारे. त्यांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि शिक्षा झालेले गुन्हेगार म्हणून ते पुन्हा त्याच पदपथावर आले. कामाला ठेवताना मालक आता आधी तेच विचारणार.

या छळाचे मूळ १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. हेरॉइन, कोकेन यांच्या सेवनाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजारांपर्यंत दंड. गांजासारख्या पदार्थांच्या सेवनाला सहा महिने किंवा दहा हजार. किंवा दोन्ही शिक्षा एकदम. विकल्याबद्दल नव्हे, कोणाला लुबाडल्याबद्दल नव्हे. स्वतःच्या शरीरात विष घातल्याबद्दल! आम्ही रोखठोक विचारतो: ज्याने दुसऱ्या कोणाच्या अंगाला बोट लावले नाही, त्याला कोठडीत डांबण्याचा अधिकार सरकारकडे आला कुठून?

यावर एक उत्तर ठरलेले असते, आणि त्यात तथ्यही आहे. व्यसनी एकटा बुडत नाही, बायकोचे मंगळसूत्र आणि पोरांची शाळा घेऊन बुडतो. ज्या मायबहिणींनी बाटली आडवी करण्यासाठी गावोगाव मतदान घडवले, त्यांचे दुःख आम्ही तसूभरही कमी लेखत नाही. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला मारहाणीच्या कलमाखाली खुशाल आत टाका, आमची आडकाठी नाही. पण नवऱ्याला पुडीसाठी तुरुंगात घातल्याने त्या बाईच्या घरात धान्य येते काय? उलट, वकिलाची फी आणि जामिनाची रक्कम यांसाठी उरलेसुरले गहाण पडते. ज्या बाईच्या नावाने हा कायदा मिरवला जातो, तिलाच तो दुसऱ्यांदा लुटतो.

आणि नीतीचा हा धडा शिकवतो तरी कोण? दारूच्या करातून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये तिजोरीत भरणारे महाराष्ट्र सरकार! १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत नोंदवली. त्यांचा रोख दुकानांवर आणि ती वाढवणाऱ्या सत्तेवर होता. सत्तेचा रोख आज नेमका उलटा आहे. दुकानाला परवाना, कारखान्याला सवलत आणि कोपऱ्यात कश मारणाऱ्या पोराला बेड्या.

बंदीने विष संपते हा भ्रमही आता सोडा. बंदी असो वा नसो, विष वाहतेच. दारू अधिकृतपणे मिळत असलेल्या या मुंबईत, मालवणीत, २०१५ च्या जूनमध्ये विषारी हातभट्टीने शंभरांवर माणसे मारली. बिहारने २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी केली, तरी २०२२ च्या डिसेंबरात सारण जिल्ह्यात मिथेनॉलने अनेकांचे बळी घेतले. मद्यबंदीच्या जामीनअर्जांनी तिथली न्यायालये इतकी तुंबली की अखेर त्याच सरकारला पहिल्यांदा पकडलेल्या पिणाऱ्याला दंडावर सोडण्याची दुरुस्ती करावी लागली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कुठल्या टपरीवर पाळली जाते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

या महाराष्ट्राने दुसरा रस्ताही पाहिला आहे. १९८० च्या दशकात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, मुंबई-पुण्याची पोरे गिळायला सुरुवात केली. लेखक अनिल अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसा दिला, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे आलेल्याला ‘गर्दुल्ला’ म्हणून हाकलले नाही. रोगी म्हणून दाखल करून घेतले. पुन्हा घसरून परत आला तर पुन्हा दाखल केले. हजारो घरे अशी सावरली. एका डॉक्टर बाईला चाळीस वर्षांपूर्वी जे कळले, ते संसदेला अजून कळू नये?

कायद्याचे कैवारी म्हणतील, कलम ६४अ आहे की! उपचाराला तयार होणाऱ्या व्यसनीला त्यात खटल्यातून सूट मिळते. होय, मिळते, पण उपचार पूर्ण केला नाही तर ती काढूनही घेता येते. व्यसनमुक्तीच्या कोणत्याही समुपदेशकाला विचारा, पुन्हा घसरणे हा या रोगाचाच भाग आहे. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून त्याला तुरुंगात पाठवण्याइतकाच हा न्याय अघोरी आहे. शिवाय उपचार आहेत कुठे? एम्सच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत आढळले की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला, आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांत एकाला कसलातरी उपचार मिळतो. बाकीच्यांच्या वाट्याला सरकार म्हणून फक्त पोलीस येतो. त्या पोलिसाच्या धाकानेच जास्त मात्रा होऊन निपचित पडलेल्या मित्राला सोडून पोरे पळून जातात.

आमचे म्हणणे विपर्यस्त करू पाहणाऱ्यांना बजावून सांगतो: एमडी (मेफेड्रोन) आणि हेरॉइन खुल्या बाजारात विका, असे आम्ही म्हणत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी जप्त केले. हवी ती कारवाई हीच! कारखाना फोडा, पैसा गोठवा, आशीर्वाद देणारा वर्दीतला असो की खादीतला, त्याला फरफटत न्यायालयात आणा. सेवनाच्या केसेस नोंदवून आकडा फुगवण्यात जाणारे मनुष्यबळ तिकडे वळवा.

पोर्तुगालने २००१ च्या जुलैपासून दहा दिवसांपुरता साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा ठेवला नाही. पकडलेला माणूस न्यायाधीशापुढे नव्हे, समुपदेशन करणाऱ्या समितीपुढे जातो, आणि त्याच वेळी त्या देशाने उपचारावर पैसा ओतला. सुयांमधून पसरणारा एचआयव्ही तिथे झपाट्याने ओसरला. अमेरिकेतल्या ओरेगनने २०२१ मध्ये शिक्षा काढली, पण उपचारकेंद्रे वेळेत उभी केली नाहीत. लोक चिडले आणि २०२४ मध्ये तो गुन्हा परत आला. म्हणून आम्ही अर्धवट सुधारणा मागत नाही. शिक्षा काढणे आणि दवाखाना उघडणे ही कामे एकाच वेळी झाली पाहिजेत.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेच २०२१ च्या ऑक्टोबरात महसूल विभागाला सुचवले होते की स्वतःच्या वापरासाठी अल्प साठा बाळगणे गुन्हा ठरवू नये. ती शिफारस धूळ खात पडली आहे. पंतप्रधानांनी ती फाईल उघडावी आणि कलम २७ रद्द करणारे विधेयक संसदेत आणावे. महाराष्ट्र सरकारने तेवढीही वाट पाहू नये: दारूच्या कराचा ठरावीक हिस्सा राखून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोफत व्यसनमुक्ती कक्ष याच अर्थसंकल्पात मंजूर करावा. आणि वाचकहो, तुमचा आमदार, तुमचा खासदार पुढच्या वेळी दारात येईल तेव्हा त्याला याचा जाब विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.